केबल घ्या वा डिश, सोडायची सोय आधी बघा

१८ फेब्रुवारी २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी देशभरातल्या लाखो केबलधारकांच्या घरी नेहमीच्या वाहिन्या अचानक गायब झाल्या. स्टार, झी आणि सोनी या तीन मोठ्या प्रसारण समूहांनी, नव्या दरांच्या करारावर सह्या न केलेल्या केबल कंपन्यांचं प्रक्षेपण थांबवलं होतं. प्रसारकांचं म्हणणं होतं की दर नियमाला धरूनच आहेत. केबल कंपन्या म्हणत होत्या की या दरांनी बिल वाढेल आणि ग्राहक केबल सोडून जाईल. वाद न्यायालयांपर्यंत गेला, पाच-सहा दिवसांत करार झाले आणि वाहिन्या परतल्या. ज्यांच्या गच्चीवर डिश होती त्यांना यातलं काही जाणवलंही नाही, कारण डीटीएच कंपन्यांनी करार आधीच उरकले होते. महिन्याचे पैसे आगाऊ भरून बसलेल्या केबलच्या ग्राहकाला मात्र त्या दिवसांत कुणी काही विचारलं नाही.

केबल चांगली की डिश, असं लोक विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. एका गल्लीत केबलवाला हाकेला धावून येणारा असतो, दुसऱ्या गल्लीत तो फोनच उचलत नाही. म्हणून मी दुसराच प्रश्न आधी विचारायला सांगतो: उद्या ही जोडणी नको झाली तर ती सोडायला मला किती पैसे, किती दिवस आणि किती मनस्ताप लागेल? कंपन्यांच्या चढाओढीचा फायदा, ज्याला उठून दुसऱ्याकडे जाता येतं, त्यालाच मिळतो. जो अडकला, त्याच्या दृष्टीने बाजारात चार कंपन्या असल्या काय आणि एकच असली काय, सारखंच.

चढाओढ आली कुठून

१९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास परदेशी वाहिन्या दिसू लागल्या, १९९२ मध्ये झी आली आणि शहरांत गच्ची-गच्चीवरून केबलच्या वायरी फिरल्या. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. पण गल्लीत केबलवाला एकच असायचा. तो देईल त्या वाहिन्या, तो सांगेल ते पैसे. ज्याच्याशी त्याचं पटत नसे त्याला टीव्हीच सोडावा लागे. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झाली आणि पहिल्यांदा या एकाधिकाराला बाहेरून धक्का बसला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश आली, २००६ मध्ये टाटा स्काय, आणि २००९ पर्यंत सहा खासगी डीटीएच कंपन्या मैदानात होत्या. जोडणीचे दर झपाट्याने उतरले, चित्र स्वच्छ झालं, तक्रारीसाठी फोन नंबर मिळाला. केबललाही बदलावं लागलं. २०१२ मध्ये मुंबईसह चार महानगरांपासून सुरू झालेलं केबलचं डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने खेड्यांपर्यंत पोचलं. ज्याला आपण आज सेट टॉप बॉक्स म्हणून गृहीत धरतो तो केबलच्या घरात आला तो या सगळ्या रेट्यामुळे.

आता चित्र उलट्या दिशेने सरकतं आहे. बिग टीव्ही बाजारातून गेली, व्हिडिओकॉन डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. पैसे घेणाऱ्या डीटीएच कंपन्या आता चारच उरल्या आहेत: टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट. त्यातल्याही पहिल्या दोघींची एकत्र येण्याची बोलणी २०२५ च्या मे महिन्यात फिसकटली म्हणून चार, नाहीतर तीन झाल्या असत्या. केबलच्या बाजूला हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या कंपन्यांचा ताबा २०१८ मधल्या सौद्यानंतर रिलायन्सकडे गेला. डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० मध्ये सात कोटींच्या घरात होते, ते २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आले, कारण लोक मोबाइलकडे, इंटरनेटवरच्या मालिकांकडे आणि मोफत डिशकडे वळले. ग्राहक घटले की उरलेल्यांना धरून ठेवण्यासाठी कंपन्या दोन गोष्टी करतात, सवलती देतात आणि अडकवून ठेवतात. सवलत जाहिरातीत दिसते. अडकवणं बिलात, बॉक्समध्ये आणि अर्जावरच्या बारीक अक्षरांत असतं. तिथे बघायचं कसं, ते आता सांगतो.

बिल वाचायला शिका

केबल असो वा डिश, बिलात तीनच भाग असतात. पहिला, नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे सगळे ज्याला एनसीएफ म्हणतात ते. हे वाहिन्यांचं मोल नव्हे, तुमच्या घरापर्यंत सिग्नल पोचवण्याचं मोल आहे. २०१९ मध्ये नवी दरपद्धत लागू झाली तेव्हा १०० वाहिन्यांपर्यंत याची कमाल मर्यादा १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढच्याच वर्षी तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या देण्याचं बंधन आलं. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्राय या नियामक संस्थेने ही मर्यादाच उठवली. आता कंपनी आपलं शुल्क स्वतः ठरवते आणि जाहीर करते. वेगवेगळ्या भागांसाठी, वेगवेगळ्या ग्राहकांसाठी वेगळं शुल्कही ठेवू शकते.

हा बदल फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मर्यादा होती तोवर नियम आपली बाजू सांभाळत होता. आता ती बाजू फक्त पलीकडच्या कंपनीच्या दराने सांभाळली जाणार. म्हणून वर्षातून एकदा तरी आपल्या भागातल्या केबलचं आणि दोन डीटीएच कंपन्यांचं एनसीएफ त्यांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर जाऊन ताडून पाहा. तुमच्यापेक्षा पलीकडच्या विभागात तीच कंपनी कमी घेत असेल तर ते सरळ विचारा. विचारणाऱ्या ग्राहकाला बरेचदा सवलत मिळते आणि गप्प बसणाऱ्याला मिळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दुसरा भाग पे वाहिन्यांचा. प्रत्येक वाहिनीची कमाल किंमत प्रसारक जाहीर करतो. पॅकमध्ये घालायची असेल तर वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. मधे ही मर्यादा १२ रुपयांवर आणायचं ठरलं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा १९ झाली, आणि वर सांगितलेलं फेब्रुवारीतलं भांडण त्यातूनच पेटलं. बऱ्याच लोकप्रिय वाहिन्यांची किंमत नेमकी १९ वर येऊन थांबलेली दिसते ती यामुळेच. तिसरा भाग जीएसटी, एकूण रकमेवर १८ टक्के.

एक हिशेब करून बघू. एनसीएफ १३० रुपये धरलं आणि घरात १९ रुपयांच्या तीनच पे वाहिन्या हव्या असल्या, तर १३० अधिक ५७ म्हणजे १८७. त्यावर जीएसटी ३३ रुपये ६६ पैसे. एकूण २२० रुपये ६६ पैसे. बाकीच्या फुकट वाहिन्या, सह्याद्रीसकट, यातच आल्या. तुमचं बिल चारशेच्या पुढे असेल तर मधले पैसे कशाला जातात, हा प्रश्न पडायलाच हवा.

तो प्रश्न सोडवायचा मार्ग सोपा आहे. टीव्हीशेजारी एक कागद ठेवा आणि आठवडाभर घरातला प्रत्येक माणूस जी वाहिनी बघेल तिचं नाव त्यावर लिहू दे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी असा कागद ठेवला. सहा वाहिन्यांच्या पुढे यादी गेली नाही. त्यांच्या पॅकमध्ये मात्र क्रीडा वाहिन्यांचा अख्खा गठ्ठा होता, इंग्रजी चित्रपट होते, आणि नातवंडं फक्त मे महिन्यात येतात तरी लहान मुलांच्या वाहिन्या बारमाही चालू होत्या. पॅक निवडला होता तो जोडणी द्यायला आलेल्या मुलाने. मागचा पॅक काढून त्यांनी हव्या तेवढ्याच वाहिन्या घेतल्या तेव्हा बिल जवळजवळ एक तृतीयांशाने उतरलं. क्रिकेटचा मोसम आला की क्रीडा वाहिनी तेवढ्या महिन्यांपुरती त्या जोडून घेतात.

सुट्या वाहिन्या नेहमीच स्वस्त पडतात असं मात्र धरून चालू नका. एकाच समूहाच्या चार-पाच वाहिन्या बघत असाल तर त्या समूहाचा पॅक बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो, कारण सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा नियमात आहे. तोटा होतो तो एका वाहिनीसाठी पंधरा वाहिन्यांचा पॅक घेतला तर. एचडी वाहिनी घेताना घरातला टीव्ही एचडी आहे का तेही बघा. जुन्या टीव्हीवर एचडीचे पैसे भरणारी घरं आजही आहेत. आणि दुसरा टीव्ही असेल तर त्याचं एनसीएफ वेगळं किती लावलं आहे ते पाहा. २०२० च्या नियमात दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त लावता येत नव्हतं. आता दर कंपनीच्या हातात असल्याने विचारून घेणं भाग आहे.

तुमच्या घराला काय झेपतं

कागदावरची तुलना झाली की घराकडे बघायचं. डिशला आकाश लागतं, आणि तेही विशिष्ट दिशेचं. भारतात चालणाऱ्या डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, महाराष्ट्राच्या पूर्वेच्या बाजूला आहेत, त्यामुळे आपल्याकडे डिशचं तोंड आग्नेयेकडे, नागपूरच्या बाजूला एखाद्या कंपनीसाठी जवळजवळ दक्षिणेकडे येतं. फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला असेल, किंवा समोर उंच इमारत उभी राहिली असेल, तर गच्ची हाच मार्ग उरतो, आणि गच्ची म्हणजे सोसायटीची परवानगी आली. पैसे भरण्याआधी बसवणाऱ्याला जागा दाखवा. उन्हाळ्यात लावलेली डिश आंब्याच्या फांद्या पावसाळ्यात भरल्या की बंद पडते, असंही होतं.

पाऊस हा डिशचा जुना शत्रू. डीटीएचचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकणात, घाटमाथ्यावर, गोव्यात जून ते सप्टेंबर हा त्रास अधूनमधून होणारच. केबल कंपनीच्या कंट्रोल रूमवर मोठमोठ्या डिश असतात आणि बहुतेक वाहिन्या त्या वेगळ्या लहरींवर घेतात, त्यामुळे पावसात केबल जास्त तग धरते. उलट वीज गेली की केबल लंगडी पडते. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या खांबावरच्या अँप्लिफायरला वीज नसली तर पडदा काळाच राहणार. गावाकडे, जिथे वीज तासन् तास जाते, तिथे इन्व्हर्टर आणि डिश हीच जोडी उपयोगाची.

पावसात सिग्नल जाणं वेगळं आणि पाऊस थांबूनही न येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माणूस बोलावून पैसे भरण्याआधी स्वतः दोन गोष्टी बघता येतात. रिमोटवरून मेन्यूत जाऊन सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणारे पट्टे उघडा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्याजवळ असेल तर डिश हललेली असण्याची शक्यता मोठी. वारा, माकडं, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणारे कामगार, कुणाच्याही धक्क्याने ती बोटभर सरकते आणि तेवढंही पुरतं. दोन्ही पट्टे रिकामे असतील तर वायर किंवा तिची टोकं तपासा. डिशसमोरच्या दांडीवर जो छोटा डबा असतो तो एलएनबी. त्याला वायर जिथे स्क्रूसारखी बसते ती पिन समुद्रकाठच्या हवेत हिरवट होते, गंजते. वायर बॉक्सपासून सोडवून, टोक कोरड्या कपड्याने पुसून पुन्हा घट्ट बसवलं की कित्येकदा काम होतं. बॉक्स बंद करूनच हे करा, आणि पावसात निसरड्या गच्चीवर किंवा पत्र्यावर कुणीही चढू नका. नवी जोडणी घेताना बसवणाऱ्याला एवढं जरूर सांगा की वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दे. पाणी त्या झोळावरून गळून जातं, वायरीवरून वाहत बॉक्सपर्यंत येत नाही.

केबलच्या बाजूने एक मोठी गोष्ट बोलायलाच हवी, ती म्हणजे माणूस. आपला केबलवाला नावानिशी ओळखीचा असतो, रात्री नऊ वाजता फोन केला तरी पोरगा पाठवतो, एखाद्या महिन्यात पैसे मागेपुढे झाले तर समजून घेतो. वयस्कर माणसं एकटी राहतात त्या घरांत याची किंमत फार आहे आणि डीटीएचच्या कॉल सेंटरकडे ती नाही. पण ओळख आहे म्हणून पावती सोडू नका. २०१९ नंतर केबलची वर्गणीही बहुतेक ठिकाणी आगाऊ भरायची झाली आहे, तरी कितीतरी घरांत पैसे रोखीने दिले जातात आणि नोंद केबलवाल्याच्या वहीत राहते. आपला ग्राहक क्रमांक आणि बॉक्सचा व्हीसी नंबर स्वतःकडे लिहून ठेवा. तो नंबर असेल तर वरच्या केबल कंपनीच्या अ‍ॅपवर तुमची जोडणी कोणत्या पॅकवर चालू आहे हे दिसतं. वरच्या कंपनीत एक पॅक आणि तुमच्याकडून वसुली दुसऱ्या पॅकची, असा प्रकार त्यातूनच उघड होतो.

बॉक्स कुणाचा

अडकवणुकीचं खरं मूळ बॉक्समध्ये आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. टीव्हीच्या बाबतीत तशी सोय नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. बॉक्स परस्परांत चालणारे असावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण दुकानात जाऊन असा बॉक्स आजही विकत मिळत नाही. म्हणून बॉक्ससाठी मोठी रक्कम मोजलीत की तेवढेच तुम्ही त्या कंपनीला बांधले गेलात.

जोडणी घेताना बॉक्स विकत आहे, भाड्याने आहे की हप्त्याने, हे अर्जावर लिहून घ्या. विकतच्या बॉक्सला किमान एक वर्षाची हमी असते. भाड्याचा असेल तर अनामत किती आणि बॉक्स परत दिल्यावर ती कशी मिळणार, हे विचारा. तोंडी 'बॉक्स फ्री आहे' म्हणतात तेव्हा तो बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो आणि सोडताना परत मागतात. यात काही गैर नाही, किंबहुना ज्याला वर्ष-दोन वर्षांत घर बदलायचं आहे त्याला हेच बरं. अट एकच, ते आधी माहीत हवं.

केबलमध्ये आणखी एक प्रकार घडतो. स्थानिक केबलवाला वरची कंपनी बदलतो आणि एक दिवस सगळ्या घरांना निरोप येतो, जुना बॉक्स बंद होणार, नव्याचे इतके इतके पैसे द्या. निर्णय त्याचा, धंदा त्याचा, आणि खर्च तुमचा, हे मान्य करण्याचं काही कारण नाही. अशा वेळी इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून बोलावं. एकेकटा ग्राहक पैसे देऊन मोकळा होतो. वीस-पंचवीस घरं एकत्र येऊन 'मग आम्ही डिशचं बघतो' म्हणाली की नवे बॉक्स फुकट किंवा भाड्याने मिळू शकतात. चढाओढीचा फायदा मिळवायचा तो असा.

इथे सोसायटीच्या समितीलाही विनंती करावीशी वाटते. सोयीसाठी एकाच ऑपरेटरला इमारत देऊन टाकू नका. वायरींसाठी असलेली डक्ट दुसऱ्यालाही वापरता येईल अशी ठेवा, गच्चीवर डिशसाठी एक जागा ठरवून द्या, आणि स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी सिमेंटच्या वजनदार ठोकळ्यावर स्टँड बसवायची अट घाला. गळतीची भीती हे डिश नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं आणि ते या एका अटीने निकालात निघतं.

सहा महिने फुकटच्या मोहात

दीर्घ मुदतीचा रिचार्ज स्वस्त दिसतो. वर्षाचे भरा, दोन महिने जादा घ्या. पण नवी जोडणी असेल तर पहिले दोन-तीन महिने महिन्याचाच रिचार्ज करा. पावसाळा कसा जातो, तक्रारीला माणूस कधी येतो, हे कळल्यावर मोठी रक्कम भरा. वर्षाचे पैसे भरले की मधे कंपनी आवडली नाही तरी माणूस बाहेर पडत नाही. इंटरनेट, टीव्ही आणि ओटीटी असं सगळं एका बिलात देणाऱ्या योजनांचंही तेच. फायबर जोडणी चांगली असेल तर या योजना खरोखर परवडतात, विशेषतः तरुण माणसांच्या घरात. पण त्यातला टीव्ही नको झाला तर इंटरनेटचा दर किती होईल, हे आधी विचारून ठेवा, नाहीतर एकाच्या नादाने सगळंच सोडवत नाही.

गावी किंवा मुलाकडे महिनाभराहून जास्त जाणार असाल तर जोडणी तात्पुरती थांबवून घेता येते. त्यासाठी १५ दिवस आधी कळवावं लागतं. गणपतीत, मे महिन्यात घरं बंद करून कोकणात जाणारे कितीतरी जण ही सोय वापरत नाहीत.

फसवणुकीबद्दल आता गांभीर्याने सांगतो. कंपन्यांच्या सवलतींचा गलका इतका आहे की चोरांना त्यात मिसळणं सोपं जातं. 'वर्षाच्या रिचार्जवर निम्मी सूट, आत्ताच भरा' असा फोन येतो, किंवा इंटरनेटवर कस्टमर केअर म्हणून शोधलेला नंबरच बनावट निघतो आणि पलीकडचा माणूस मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप घ्यायला सांगतो. नंबर शोधू नका. बॉक्सवर, जुन्या पावतीवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतो तोच वापरा. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकायची कधीच गरज नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवण करून द्या.

पैसेच द्यायचे नसतील तर

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याची वर्गणी नाही. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, बास. सह्याद्री, बातम्यांच्या आणि चित्रपटांच्या बऱ्याच वाहिन्या त्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने यादी बदलत राहते, त्यामुळे ठरावीक मालिकेसाठी ती घेऊ नये. पण शेतघर, दुकान, मजुरांची खोली, किंवा घरातला दुसरा टीव्ही यांच्यासाठी याहून स्वस्त काही नाही. केबलच्या घरात ती आधार म्हणूनही शोभते: केबल आणि प्रसारकांचं पुन्हा भांडण जुंपलं तर घर अगदीच अंधारात बसणार नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांची अडचण वेगळी आहे. कंपन्या पॅक राज्यानुसार बांधतात. तिथल्या प्रादेशिक पॅकमध्ये मराठी वाहिन्या नसतात किंवा एखादीच असते, आणि स्थानिक केबलवर काही मराठी वाहिन्या मुळात घेतलेल्याच नसतात. उपग्रहाला राज्याची सीमा नसते, म्हणून अशा घरांना बहुधा डीटीएच सोयीची पडते. तिथला सर्वांत छोटा पॅक किंवा नुसतं एनसीएफ घ्यायचं आणि मराठी वाहिन्या सुट्या किंवा महाराष्ट्राच्या पॅकमधून जोडायच्या. कॉल सेंटरचा माणूस तुमच्या राज्याचाच पॅक पुढे करील. वाहिनीचं नाव आणि क्रमांक सांगून मागितलं की मिळतं. केबलच ठेवायची असेल तर भागातल्या मराठी मंडळामार्फत एकत्र मागणी करा, ऑपरेटर एकट्याचं ऐकत नाही.

तक्रार आणि निरोप

तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. क्रमांकाविना केलेल्या तक्रारीचा नंतर काही उपयोग होत नाही. काम झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा. त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर असायलाच हवा. ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे लक्षात ठेवा, तिथे अर्ज करून महिने वाया घालवू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कशी लिहावी हे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटना समजावून सांगतात.

आणि सोडायचंच ठरलं तर घाईने सोडू नका. नवी जोडणी चालू होऊन आठवडाभर नीट दिसेपर्यंत जुनी बंद करू नका. जुन्या कंपनीला बंद करण्याचं लेखी किंवा अ‍ॅपवरून कळवा, नुसता रिचार्ज थांबवून गप्प बसू नका, कारण भाड्याचा बॉक्स तुमच्या नावावर राहिला तर त्याचे पैसे मागणारे फोन पुढे येत राहतात. आता सोडणार म्हटल्यावर तुम्हाला थांबवण्यासाठी चांगला दर देऊ करतील. खरोखर चांगला असेल तर तो किती महिन्यांसाठी आहे ते विचारा आणि मग ठरवा. बॉक्स, रिमोट, अ‍ॅडाप्टर परत देताना बॉक्सचा नंबर लिहिलेली पोच घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत तो पुसू नका.